जोडेकाराची अनवाणी बायको

गल्लीतल्या लोकांना जोडेकाराची चेष्टा करायला फार डोकं लागत नसे. विषय आयता होता. ज्याच्या हातचे जोडे घालून अख्खी गल्ली चालायची, त्याची स्वतःची बायको कामावर अनवाणी! आणि काम तरी कसलं, तर शहरातली लांबलचक बस चालवायचं. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासता फासता ओरडायचा, "काय हो, घरात कातडं संपलं का?" आणि जोडेकार तोंडातले खिळे तोंडातच ठेवून नुसती मान हलवायचा. तोंडात खिळे असले की उत्तर द्यावं लागत नाही, हा त्या धंद्याचा एक फायदाच आहे.

खरं म्हणजे बाई घरून अनवाणी निघत नसत. नवऱ्याने केलेल्या सपाट चपला घालून त्या डेपोपर्यंत जात, बसमध्ये चढत, चपला काढून सीटमागच्या खणात जोडीने ठेवत, आणि मग पाय पेडलवर. फेरी संपली की पुन्हा चपला. पण नाव पडायचं ते पडलंच. डेपोत सगळे त्यांना 'अनवाणी बाई' म्हणत. म्हणताना आवाजात थोडी चेष्टा असे, पण तिच्याखाली आदर असे, कारण बाईंच्या बसला कधी ओरखडा गेल्याचं त्या डेपोत कुणालाच आठवत नव्हतं.

बाईंचे वडील पाण्याचा टँकर चालवायचे. शाळेला सुट्टी असली की ही शेजारच्या सीटवर हजर. पुढे पाय पेडलपर्यंत पोचायला लागले तेव्हा त्यांनी तिला मोकळ्या मैदानात चालवायला बसवलं आणि पहिली गोष्ट सांगितली ती पायातलं काढून ठेवायची. टँकर अर्धा भरलेला असला की आतलं पाणी पुढेमागे उसळतं. ब्रेक जरा जोरात लागला तर गाडी थांबायला बघते, पाणी थांबायला तयार नसतं, आणि ते मागून गाडीला ढकलतं. "हे पाणी तुला डोळ्यांनी दिसणार नाही. पायाला कळेल," वडील म्हणायचे. मुलीने हे असं मनावर घेतलं की पुढे टँकर विकला गेला, वडील गेले, पाण्याच्या जागी माणसं आली, तरी तिचा पाय तसाच राहिला.

जोडेकारासारखा नवरा दुसरा नसेल. त्याने बायकोचा चेहरा पाहायच्या आधी तिचे पाय पाहिले. त्यात त्याचा काही दोष नाही. तो बसायचा बुटक्या स्टुलावर आणि दुकानात कुणीही आलं तरी आधी पायच समोर यायचे. हे पाय रुंद होते, बोटं सुटी सुटी होती, आणि उजव्या पायाचा चवडा एवढा घट्ट की त्याला वाटलं ही शिलाईचं मशीन चालवत असणार.

"काय काम करता?" त्याने तुटलेला पट्टा हातात घेत विचारलं होतं.

"गाडी चालवते. मोठी."

"मग गाडीत काय घालता पायात?"

"काहीच नाही."

तो हसला, कारण त्याला ती चेष्टा वाटली. मग त्याने मान वर करून चेहरा पाहिला आणि हसायचा थांबला. पट्टा शिवायला त्या दिवशी त्याने जो वेळ लावला त्यात दोन जोड नवे झाले असते, असं न्हावी अजून सांगतो.

लग्नानंतर जोडेकार हट्टाला पेटला. चांगला जोडा हवा तसा मिळाला नसेल म्हणून ही अनवाणी चालवते, अशी त्याची पक्की समजूत. त्याने मऊ कातड्याचे केले, पातळ सोलचे केले, टाचेशी घट्ट आणि बोटांशी सैल असे केले. बाई प्रत्येक जोड एक दिवस घालून बघत आणि संध्याकाळी म्हणत, "छान झालेत हो. बाजारात जाताना घालीन." एवढंच. भांडण नाही, तक्रार नाही. ते सगळे जोड घरातल्या फळीवर ओळीने बसलेले असत आणि जोडेकार तिकडे बघायचं टाळत असे. कारागिराला कामाची निंदा पचते, पण असं प्रेमाने बाजूला ठेवलेलं काम फार लागतं.

आणि ती त्या अनवाणी पायांनी काय करते ते बघायला तो कधी गेलाही नव्हता, कारण जोडेकाराला गाडी लागायची. साधी नाही, भयंकर लागायची. दोन थांबे गेले की चेहरा पांढरा, तिसऱ्याला पिशवी. म्हणून तो सगळीकडे पायी जाई आणि बायकोच्या बसमध्ये त्याने आजवर पाऊल ठेवलं नव्हतं.

हे असंच चाललं असतं. पण दुसऱ्या कुठल्या तरी डेपोत एका चालकाची सैल चप्पल ब्रेकखाली अडकली आणि त्याची बस भांड्यांच्या दुकानात शिरली. माणसं वाचली, भांडी गेली, आणि वरून हुकूम आला की यापुढे प्रत्येक चालकाने डेपोने दिलेले बूटच घालायचे. बूट एकगठ्ठा घेतले होते, दुरुस्तीखात्याला आणि चालकांना एकच. जाड सोल, वर लोखंडी नाक. दुरुस्ती करताना पायावर चाक पडलं तरी बोटं शाबूत राहावीत म्हणून. सीटवर बसलेल्या चालकाच्या पायावर चाक कुठून पडणार, हा प्रश्न कुणाला सुचला नाही. किंवा सुचला असेल आणि विचारायचा धीर झाला नसेल.

डेपोचे साहेब माणूस भला, पण चेहऱ्यावर कायम कुणीतरी ओरडणार असल्याचा भाव. ते म्हणाले, "बाई, मला कळत नाही असं समजू नका. पण बूट नाही तर बस नाही. माझ्या हातात काही नाही हो."

बाईंनी बूट घातले. आणि घातले त्याच दिवशी वळणावरच्या थांब्याशी ब्रेक हवा त्यापेक्षा जोरात लागला. उतरायच्या घाईने आधीच उभे राहिलेले एक आजोबा दांड्यावर आपटले, त्यांचा ओठ फुटला, आणि बसचं नाक थांब्याच्या खांबाला टेकलं. खांबाला काही झालं नाही. आजोबांनीही "होतं असं, पोरी," म्हणून ओठावर रुमाल धरला. पण वाहतूक पोलीस आला, त्याने बूट पाहिले, बाईंना दोनचार प्रश्न विचारले आणि खटला लिहिला. गाडीवरचा ताबा सुटेल असं पादत्राण घालून वाहन चालवणं, असा गुन्हा.

योग असा की तोच पोलीस त्या आठवड्यात बुटाची टाच बसवायला जोडेकाराकडे आला. जोडेकाराने बूट मांडीवर उलटा घेतला आणि मग विचारलं, "माझ्या बायकोवर खटला लिहिणारे तुम्हीच ना?"

"मीच," पोलीस म्हणाला. त्याचा मोजा घातलेला पाय अधांतरी होता आणि मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. अशा अवस्थेत माणसाला फार रुबाब करता येत नाही.

"इतकी वर्षं ती अनवाणी चालवत होती. तेव्हा कधी अडवलं नाहीत?"

"कसा अडवणार? अनवाणी चालवू नये असा कायदाच नाही. लोकांना उगाच वाटतं आहे म्हणून. चपलेविरुद्ध नाही, उंच टाचांविरुद्ध नाही, टोपी, गॉगल, कशाविरुद्धच नाही. परवा एकाला थांबवला, डोक्यापासून पायापर्यंत अस्वल! पोरांच्या वाढदिवसाला नाचायला चालला होता. दिला सोडून."

"सोडला?"

"अस्वलाचं डोकं काढून शेजारच्या सीटवर ठेवलं होतं ना त्याने. दिसत होतं, ऐकू येत होतं, हातपाय नीट हलत होते. तेच डोकं घालून चालवत असता तर जागच्या जागी धरला असता. काका, कायदा कपडे नाही बघत. तो एकच विचारतो, गाडी तुझ्या ताब्यात आहे का? अंगावरच्या ज्या वस्तूने ताबा सुटतो ती घालून बसणं हा गुन्हा. मग तो गळ्यातला लांब स्कार्फ असो नाहीतर डेपोचा बूट."

"पण बूट तिच्या आवडीचा नाही! तिला घालायला लावला."

"पेडलवर पाय कुणाचा होता?"

जोडेकाराने हातोडी उचलली. टाचेचे खिळे त्याने त्या दिवशी जरा जास्तच जोरात ठोकले.

अशी बाईंची दोन्हीकडून कोंडी झाली. बूट काढले तर डेपो बस देणार नाही, घातले आणि पुन्हा काही झालं तर कायदा परवाना काढून घेणार. शेवटी तोड निघाली ती अशी, की परवाना कार्यालयाचे परीक्षक येतील, बस माणसांनी भरायची, आणि बाईंनी बूट घालून त्यांच्यासमोर शहरातून फेरी मारायची. पास झाल्या तर बस त्यांची. नापास झाल्या तर तिकिटाच्या खिडकीत बदली, कायमची.

बाई घरी फार बोलत नसत, त्या दिवसांत आणखीच गप्प झाल्या. कामावरून उशिरा येत, जेवत आणि भिंतीकडे तोंड करून निजत. एकदाच ताटावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "खिडकीत बसायला काही वाटणार नाही हो मला. काम ते काम. पण बस गेली तर माझ्याकडे माझं असं काय राहिलं, ते मला शोधावं लागेल." मग त्यांनी पाण्याचा पेला उचलला. जोडेकाराने हातातला घास परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानाचं शटर भरदुपारी अर्धं खाली ओढलं. डेपोच्या बुटांसारखा एक जोड त्याने दुरुस्तीखात्यातल्या एकाकडून मिळवला होता. रापी परजली आणि बुटाचा तळच्या तळ कापून काढला. कडेकडेने सोलची एक पट्टी तेवढी ठेवली, म्हणजे वरून, बाजूने, कसंही पाहा, बूट शाबूत. खाली मात्र काही नाही. पाय घातला की थेट जमिनीला टेकणार. काम करताना त्याला इतका आनंद झाला की तो मोठ्याने गुणगुणायला लागला आणि न्हाव्याने बाहेरून शटर वाजवून तब्येत विचारली.

बाईंनी तो बूट हातात घेतला, उलटा केला, आत हात घातला. दुसऱ्या बाजूने पाची बोटं बाहेर आली. ती बोटं त्यांनी नाचवली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

"हे तुम्ही माझ्यासाठी केलंत?"

"मग काय न्हाव्यासाठी?"

"आणि कुणी पाहिलं तर?"

"मी लपवलेलं काम कुणाला दिसत नाही," जोडेकार म्हणाला, आणि त्याची छाती दोन बोटं तरी फुगली.

बाईंनी बूट पिशवीत ठेवले. ठेवले म्हणजे मान्य केलं, असं जोडेकार धरून चालला. नवरे पुष्कळ गोष्टी अशाच धरून चालतात.

परीक्षेच्या दिवशी बस भरायला डेपोतल्यांची घरची माणसं बोलावली होती. बाई सकाळी निघताना म्हणाल्या, "तुम्हीही या."

"मला गाडी लागते, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. तरी या."

जोडेकार खिशात दोन पिशव्या कोंबून गेला. बस पहिली फेरी असावी तशी गच्च भरली होती. त्याला पुढची आडवी सीट मिळाली, तिथून चालकाचे पाय नीट दिसत. शेजारी एक आजी विणकाम घेऊन बसल्या होत्या. पेडलवर बूट होते, काळे, जाड, लोखंडी नाकाचे. जोडेकाराने डोळे बारीक करून पाहिलं. कड कुठे सुटलेली नाही, पाय कुठे डोकावत नाही. आपलं काम आपल्यालाच ओळखू येत नाही म्हणजे ते फत्ते झालं, असं मनाशी म्हणून त्याने पिशवी उघडून मांडीवर तयार ठेवली.

परीक्षक बाईंच्या शेजारी उभे राहिले. वयस्क, बारीक, कमी बोलणारे. "चला," ते म्हणाले.

आणि बस निघाली. निघाली हे जोडेकाराला खिडकीवरून कळलं. डेपोचा दरवाजा मागे सरकत होता, म्हणजे आपण पुढे जात असलो पाहिजे. त्याने पोटाकडे लक्ष दिलं. पोट गप्प होतं. पहिला थांबा आला, माणसं उतरल्याचं आणि चढल्याचं नाटक झालं, बस पुन्हा निघाली, पोट गप्पच. दुसरा थांबा गेला. तिसऱ्याला त्याचा हात सवयीने पिशवीकडे गेला आणि तसाच राहिला.

मग तो बघायला लागला. समोर ही एवढी मोठी काच, तिच्या खाली त्याची बायको. घरात उंचावरचा डबा काढायला त्याला हाक मारणारी. ती एका हाताने चाक फिरवत होती आणि तिच्या पाठीमागे घराएवढी बस वळत होती, आत माणसं, कुणी गप्पा मारतंय, कुणी पेंगतंय, आणि त्या सगळ्यांना आपण वळतोय याचा पत्ताच नव्हता. भाजीबाजाराच्या गल्लीत दोन्ही बाजूंना हातगाड्या लागलेल्या. तिथून माणूस आडवा निघत नाही, तिथून बाईंनी बस काढली, आणि आरशाला टोमॅटोसुद्धा लागला नाही. चढावर थांबवली आणि पुन्हा उचलली, बस इंचभर मागे आली नाही. आजींच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा होता तिथेच होता. जोडेकाराच्या अंगावर काटा आला. या बाईला मी आज सकाळी चहात साखर कमी पडली म्हणून बोललो, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला लाज वाटली.

शाळेच्या रस्त्याला एका उभ्या गाडीचं दार एकदम उघडलं. आतल्या माणसाने न बघता पाय रस्त्यावर टाकला. जोडेकाराने डोळे मिटले. उघडले तेव्हा बस उभी होती, दाराच्या अलीकडे, आणि तो माणूस हात जोडून माफी मागत होता. बसमध्ये एक माणूस जागचा हलला नव्हता. आजींनी विणता विणता विचारलं, "आलं का डेपो?"

"नाही आजी," जोडेकार म्हणाला. "ती माझी बायको आहे."

आजींना त्याचा काही संबंध लागला नाही, पण त्या कौतुकाने हसल्या.

बस डेपोत परत आली तेव्हा आवारात गाड्या धुऊन झाल्या होत्या आणि सगळीकडे पाणी होतं. पलीकडे शेडमधली कोरडी फरशी, तिथे टेबल, टेबलाशी डेपोचे साहेब जीव मुठीत धरून उभे. परीक्षक उतरले, मागून बाई उतरल्या, आणि दोघं पाण्यातून शेडकडे चालू लागले. जोडेकार त्यांच्याकडे अभिमानाने बघत होता आणि बघता बघता त्याची नजर त्यांच्या पायांखाली गेली.

पाणी! ओल्या पायांनी ती कोरड्या फरशीवर जाणार. बूट घातलेल्या बाईंच्या मागे फरशीवर टाच, चवडा आणि पाच बोटं उमटणार. सगळ्यांच्या देखत.

तो धावला. आयुष्यात धावला नव्हता तसा धावला. सगळ्यांच्या पुढे जाऊन टेबलाशी उभा राहिला आणि एका दमात बोलून गेला, "साहेब, चूक माझी आहे, तिची नाही! तळ मी कापले. तिने सांगितलं नव्हतं. बूट खोटे आहेत, पण चालवणं खरं आहे, ते तुम्ही पाहिलंत. मला काय करायचं ते करा, तिला खिडकीत बसवू नका."

सगळे थबकले. परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. फरशीवर बाईंच्या मागे ओल्या पावलांची ओळ उमटली होती. जाड सोलची, आडव्या रेघांची, टाचेशी डेपोच्या शिक्क्याची. पूर्ण बुटांची.

बाईंनी एक पाय मागे उचलून तळ दाखवला. अख्खा होता. "तुम्ही केलेले घरी आहेत," त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या. "फळीवर ठेवलेत."

जोडेकाराने वाकून तो तळ बोटाने दाबून पाहिला. मागे कुणीतरी खुसखुसलं.

"या लोखंडात तू... हे सगळं?"

"फेऱ्या संपल्यावर रोज आवारात सराव करत होते. म्हणून उशीर व्हायचा."

परीक्षक जोडेकाराकडे वळले. "तुम्ही फसवायचा विचार केलात आणि मग तो बोलून दाखवलात. माझ्या कागदात याला रकाना नाही, त्यामुळे मी काही ऐकलं नाही असं समजतो." मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "बाई, इतकं स्वच्छ चालवलेलं मी फार दिवसांत पाहिलं नाही. बुटांसकट पास."

डेपोच्या साहेबांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले. लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले.

"नका लिहू, साहेब," बाई म्हणाल्या.

"काय?"

"मी पास नाही. शाळेच्या रस्त्याला त्या गाडीचं दार उघडलं ना, तिथे मला उशीर झाला."

"उशीर? बस तर दाराच्या कितीतरी अलीकडे थांबली."

"तुम्हाला दिसला नसेल. मला कळला. पाय उचलला आणि ब्रेक कुठे आहे ते बूट टेकेपर्यंत कळलं नाही. श्वासाएवढासुद्धा वेळ नसेल तो. पण तो माणूस तेवढ्यात आणखी एक पाऊल पुढे आला असता तर?" बाईंनी बुटाच्या लोखंडी नाकाकडे बोट दाखवलं. "कायदा म्हणतो ना, ताबा सुटेल असं घालून बसू नये? मग आज मी बसले. तुम्ही पास केलंत तर उद्यापासून रोज बसेन. रोज शाळेवरून जाते ही बस."

"बाई, अहो, गप्प बसा ना!" डेपोचे साहेब कळवळून म्हणाले. "खिडकीत जाल!"

"जाईन."

जोडेकाराला वाटलं, आपण पुढे व्हावं, हिला समजवावं, साहेबांना म्हणावं हिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. सगळं हातात आलं होतं, नुसतं गप्प राहायचं होतं! आणि त्याच वेळी त्याला हेही लख्ख कळत होतं, की जिला तो बायको म्हणत आला ती केवढी आहे हे त्याने कधी मोजलंच नव्हतं. तिची भीती वाटावी इतकी ती मोठी होती.

परीक्षकांनी पेनाला पुन्हा टोपण लावलं. ते म्हणाले, "बूट काढा. तोच रस्ता, पुन्हा. सगळे बसा."

बाई सीटवर बसून बूट काढायला वाकल्या तेव्हा पुढच्या सीटवरून जोडेकाराने पाहिलं. मोजे टाचांना चिकटले होते. ते त्यांनी ओठ दाबून सोडवले. दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या, करंगळ्या काळ्यानिळ्या, आणि घोट्याशी बुटाच्या कडेने घासलेली लाल रेघ. एवढ्या दिवसांत घरात त्याला यातलं काही दिसलं नव्हतं. ज्याचा धंदाच पाय बघायचा, त्याला!

बस निघाली. जोडेकाराने रस्त्याकडे पाहिलंच नाही, तो फक्त तिच्या उजव्या पायाकडे बघत होता. तो पाय पेडल दाबत नव्हता. नुसता टेकलेला असे, आणि चवड्याखाली काहीतरी सारखं चाचपत असे. रस्ता बदलला की बोटं किंचित पसरत, पुढची रिक्षा मंदावली की टाच आधीच उचललेली असे. जोडेकार हे ओळखत होता. कातडं कुठे पातळ आहे ते बघायचं असलं की तो डोळे मिटून असाच अंगठा फिरवायचा. अंगठ्याला जे कळतं ते डोळ्यांना कधी कळत नाही. हातमोजे घालून कातडं तपास, असं त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. आणि इतकी वर्षं तो स्वतः बायकोला तेच सांगत होता, निरनिराळ्या मापाचे, मऊ मऊ हातमोजे शिवून.

शाळेच्या रस्त्याला परीक्षकांनी अचानक समोरच्या पत्र्यावर हात आपटला. हात पत्र्यावरून उठायच्या आत बस थांबलेली होती. परीक्षकांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं आणि मग बाईंच्या पायाकडे पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "आता मला उशीर दिसला. मघाचा."

डेपोत परतल्यावर त्यांनी टेबलाशी उभं राहून लिहिलं आणि कागद साहेबांकडे सरकवला. साहेबांनी वाचला, पुन्हा वाचला.

"मी वर काय कळवू?" त्यांनी विचारलं.

"कळवा की बूट नापास झाले. बाई पास आहेत, अनवाणी. आणि कायद्यात कलम शोधायचं असेल तर तेच दाखवा ज्याखाली यांच्यावर खटला लिहिलाय. वर कुणी वाद घातला तर माझं नाव सांगा. मी त्यांना या बसमध्ये बसवून आणीन."

लोकांनी आता टाळ्या वाजवल्या. साहेबांनी रुमालाने चेहरा पुसला, आणि तो चेहऱ्यावरचा कायमचा भाव थोडा वेळ कुठेतरी गेला. बाई बसच्या पायरीवर टेकल्या होत्या. त्या हसत होत्या.

जोडेकार त्यांच्यासमोर गेला.

"दाखव पाय," तो एवढंच म्हणाला.

"अहो, इथे? सगळे बघतायत."

"बघू देत."

भर आवारात, त्या पाण्यात, तो दोन्ही गुडघ्यांवर बसला. तिचा सोललेला पाय त्याने दोन्ही हातांत धरला आणि मान खाली घातली. नवरा बायकोच्या पाया पडतोय असं लोकांना वाटलं असणार, आणि ते काही चूक नव्हतं.